शैतान जखडला, सवय मोकळीच

रमजानचा चाँद दिसला की मशिदीत एक हदीस हमखास ऐकायला मिळते. या महिन्यात जन्नतचे दरवाजे उघडले जातात, जहन्नमचे बंद होतात आणि शैतानांना साखळदंडांनी जखडले जाते, असे प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याची नोंद बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. त्यावर तरुण मुले एक प्रश्न विचारतात. मौलानांना नाही, आपसांत, आणि तोही अर्धवट हसत. शैतान बांधलेला असेल, तर तरावीहनंतर अंथरुणात पडून मोबाइलवर मी जे पाहतो, ते मला कोण पाहायला लावतो?

प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. तेराव्या शतकातले हदीसचे भाष्यकार इमाम अबुल अब्बास कुर्तुबी यांच्यापुढेही तो होता. गुन्ह्याला शैतानाखेरीज दुसरीही कारणे असतात, असे त्यांचे उत्तर: माणसाचा बिघडलेला नफ्स, माणसांतले शैतान आणि वाईट सवयी. सवय हा शब्द त्यांनी वेगळा काढून सांगितला आहे. अश्लील चित्रफितींविषयी आज मानसशास्त्र जे सांगते, ते बरेचसे त्या एका शब्दाभोवतीच फिरते.

हा विषय रमजानच्या पानावर कशाला, असे काहींना वाटेल. आपल्या घरांत त्याला नावही नाही. ‘गंदी चीज’, ‘तसले व्हिडिओ’ यापुढे कोणी जात नाही. पण रमजानच्या रात्री कशा जातात ते पाहा. तरावीह दहाच्या सुमारास संपते, सहेरी पहाटे चारनंतर. ‘आता झोपून काय करायचे’ म्हणत शहरांतली निम्मी तरुण मुले मधले पाच-सहा तास जागी असतात. मोहल्ल्यात चहा-कबाबाची गर्दी ओसरली की हातात उरतो तो फोन. दिवसभर ज्याने पाण्याचा घोट घेतला नाही, तोच मुलगा रात्री दोन वाजता हरतो, पहाटे घाईने गुस्ल करून सहेरीला बसतो आणि समोर बसलेल्या अम्मीच्या नजरेला नजर देत नाही. हे घडते आहे. ते न बोलल्याने थांबलेले नाही.

सवय मेंदूत कशी बसते, हे रोजेदाराला समजावणे सोपे आहे. मगरिबच्या अजानला दहा मिनिटे उरली आहेत, दस्तरखानवर खजूर, भजी, सरबत मांडले आहे. तोंडात अजून काही गेलेले नाही, तरी पाणी सुटते. सुख मिळण्याआधी सुखाची खूण दिसली की मेंदू कामाला लागतो. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेल्या प्रयोगांत हेच मोजले. आरंभी फळांचा रस मिळाल्यावर डोपामिनच्या पेशी चेतायच्या; रसाआधी दिवा लागतो हे माकडाला कळले की रसाऐवजी दिव्यालाच चेतू लागल्या. फोनच्या बाबतीत हा दिवा म्हणजे काय? रात्रीचा एकांत, बंद दार, अंगावरची चादर, कंटाळा, कोणाशी झालेले भांडण, उद्याच्या परीक्षेची धास्ती. यातले एक जरी जुळून आले तरी अंगठा आपोआप त्या दिशेने सरकतो, आणि ‘मी कधी उघडले ते मलाच कळले नाही’ हे त्या मुलाचे म्हणणे बव्हंशी खरे असते.

अन्नाला निदान पोट भरण्याची मर्यादा आहे. इथे ती नाही. एक चित्रफीत संपण्याआधी दहा नव्या समोर असतात, आणि मेंदूला नव्याची ओढ जबरदस्त. म्हणून मन पाहण्यात कमी आणि शोधण्यात जास्त गुंतते. केंब्रिजमध्ये व्हॅलरी वून आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली १९ अशा पुरुषांचे मेंदू तपासले, ज्यांना हे पाहणे आवरत नव्हते. नशेच्या वस्तूची खूण दिसल्यावर व्यसनी माणसाच्या मेंदूतले जे भाग पेटतात, तेच यांच्यातही पेटलेले दिसले. त्याहून बोलकी गोष्ट अशी की या पुरुषांना हवेसे जास्त वाटत होते, पण आवडत मात्र इतरांहून जास्त नव्हते. हव्यास वाढतो, गोडी वाढत नाही. तंबाखू मळणाऱ्या कोणालाही विचारा, पहिल्या चिमटीची मजा कधीच गेली, हात मात्र चुन्याच्या डबीकडे जातोच.

त्याच वर्षी बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत ६४ निरोगी पुरुषांचा अभ्यास झाला. आठवड्याला अधिक तास अश्लील चित्रे पाहणाऱ्यांच्या मेंदूत बक्षिसाशी संबंधित एका भागातला करडा पदार्थ कमी आढळला. या एका निष्कर्षावर समाजमाध्यमांत आणि काही बयानांतही ‘मेंदू सडतो’, ‘मेंदू आक्रसतो’ अशी भाषणे झाली. पाहिल्यामुळे मेंदू बदलला की तसा मेंदू असलेलेच जास्त पाहतात, हे या अभ्यासावरून सांगता येत नाही. संशोधकांनीही तसा दावा केलेला नाही. धर्माच्या बाजूने बोलतो म्हणून विज्ञान फुगवून सांगण्याची मुभा मिळत नाही. सोळा वर्षांच्या मुलाला सांगितले की तुझा मेंदू सडला, तर तो सुधारत नाही, घाबरतो, आणि घाबरला की त्याच चादरीखाली पुन्हा जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘अनिवार लैंगिक वर्तनाचा विकार’ नोंदवला. ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याला व्यसनांच्या यादीत न घालता आवेग न आवरण्याच्या विकारांत ठेवले आहे. व्यसन म्हणायचे की नाही, यावर डॉक्टरांत अजून एकमत नाही. निदानाच्या अटी मात्र स्पष्ट आहेत. सहा महिने किंवा अधिक काळ ओढ आवरता न येणे, सोडण्याचे प्रयत्न वारंवार फसणे, अभ्यास, नोकरी, तब्येत, घर यांकडे दुर्लक्ष होणे, मिळणारे सुख आटले तरी चालूच राहणे. आणि एक अट आपल्यासाठी विशेष महत्त्वाची आहे. ‘हे पाप आहे, मी पापी आहे’ एवढ्याच वेदनेवरून कोणाला या विकाराचा रुग्ण ठरवायचे नाही.

ही अट का घातली, ते समजून घ्यावे. जोशुआ ग्रब्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या कामातून असे पुढे आले की, धार्मिक माणूस प्रत्यक्षात थोडेच पाहत असला तरी स्वतःला व्यसनी समजण्याची शक्यता त्याची अधिक असते. महिन्यातून एकदा घसरणारा आणि रोज चार तास घालवणारा, दोघेही ‘मी संपलो’ म्हणतात. पहिल्याला तौबा आणि थोडी शिस्त पुरेल, दुसऱ्याला उपचार लागतील. आपण दोघांना एकाच काठीने हाकतो.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे थोडे पाहिले तर चालते? चालत नाही. सूरह नूरच्या ३०व्या आयतीत श्रद्धावंत पुरुषांना नजर खाली ठेवण्याची आणि लज्जा राखण्याची आज्ञा आहे. स्त्रियांना ती त्यापुढच्या आयतीत आहे. पुरुष आधी. (आपल्या बयानांत हा क्रम बहुधा उलटा होतो, हे जाता जाता.) हजरत अली (रजि.) यांना प्रेषितांनी समजावले होते की नकळत पडलेल्या नजरेमागे दुसरी नजर पाठवू नका, पहिली माफ आहे, दुसरी नाही. मोबाइलच्या जमान्यात याहून नेमका नियम सापडणार नाही, कारण सारा धंदाच दुसऱ्या नजरेवर चालतो. तेव्हा गुनाह तो गुनाहच. पण प्रत्येक गुनाह आजार नसतो आणि प्रत्येक आजार केवळ गुनाह नसतो. मुफ्तीसाहेब पहिल्याचे उत्तर देतील, दुसऱ्याचे डॉक्टर देतील. एकाचे काम दुसऱ्याने करू नये.

लाजेबद्दल थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण नुकसान तिथे होते. हया, म्हणजे लाज, ईमानचा हिस्सा आहे. पण पाहण्याआधी रोखते ती हया, आणि पाहिल्यानंतर माणसाला आतून पोखरते ती वेगळी चीज. ‘माझी नमाज कबूल होत नाही, दुआ कोणत्या तोंडाने मागू?’ असे म्हणत मुलगा आधी जमातीतून मागे सरकतो, मग जुम्यालाही उशिरा पोहोचतो, मित्र तोडतो. एकटा पडतो. आणि एकटेपणा हाच तर त्या सवयीचा दिवा. सूरह जुमरच्या ५३व्या आयतीत, ज्यांनी स्वतःवर अत्याचार केला त्यांनाही अल्लाहच्या कृपेपासून निराश होण्यास मनाई केली आहे. निराशा ही आपल्याकडे नम्रता समजली जाते. कुरआन तिला तशी समजत नाही.

काही मुले उलट टोकाला जातात. दिवसभर विचारांशी कुस्ती करतात, मनात प्रतिमा आली की रोजा गेला का, वजू तुटला का, याच्या वसवशात अडकतात. डॅनियल वेग्नर यांचा १९८७चा प्रयोग त्यांनी ऐकावा. विद्यार्थ्यांना सांगितले, पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिले; आणि नंतर विचाराची मोकळीक दिल्यावर, ज्यांना आधी बंदी नव्हती त्यांच्यापेक्षाही या मुलांच्या मनात ते अधिक वेळा आले. विचार येणे माणसाच्या हाती नाही, त्यामागे उठून जाणे हाती आहे. अमेरिकेत मायकेल टूहिग आणि जेसी क्रॉस्बी यांनी याच धर्तीवर उपचार केले: ओढ आली तर येऊ द्या, तिच्याशी झगडू नका, तिचे ऐकूही नका, हातातले काम चालू ठेवा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सहाच पुरुष होते, पण आठ बैठकांनंतर त्यांचे पाहणे ८५ टक्क्यांनी घटले. रोजेदाराला हे नवीन नाही. दुपारी तीन वाजता भूक येते, तो तिच्याशी भांडत बसत नाही आणि तिचे ऐकतही नाही, गिरणीतले, दुकानातले काम करत राहतो. भूक लाटेसारखी चढते आणि उतरते. हा अनुभव दरवर्षी तीसेक दिवस फुकट मिळतो. तो पोटापुरता ठेवायचा की नाही, एवढाच प्रश्न.

प्रेषितांनी अशा तरुणाला कसे वागवले, तेही आठवावे. एका तरुणाने भर बैठकीत येऊन व्यभिचाराची परवानगी मागितली. लोक त्याच्या अंगावर धावून गेले. प्रेषितांनी त्याला जवळ बोलावून बसवले आणि विचारले, तुझ्या आईच्या बाबतीत हे तुला चालेल? मुलीच्या? बहिणीच्या? आत्याच्या, मावशीच्या? प्रत्येक वेळी तो नाही म्हणाला. मग त्याच्या अंगावर हात ठेवून त्यांनी त्याच्यासाठी दुआ केली. मुसनद अहमदमध्ये अबू उमामा (रजि.) यांच्याकडून हा प्रसंग आला आहे. दरडावणे नाही, बाहेर हाकलणे नाही. आपल्या किती मशिदींत एखादा मुलगा इमामसाहेबांजवळ बसून हे बोलू शकेल?

त्या प्रश्नांचा आणखी एक अर्थ आज लागू पडतो. पडद्यावरची बाईसुद्धा कोणाची तरी मुलगी आहे, आणि कित्येकदा तिच्या मर्जीविरुद्ध तिथे आहे. छुपा कॅमेरा, फसवून काढलेली चित्रफीत, सूड म्हणून पसरवलेले खासगी फोटो, आता यंत्राने चेहरा चिकटवून बनवलेली बनावट दृश्ये. ग्रुपवर आलेले पुढे ढकलणारा यातला नुसता प्रेक्षक राहत नाही. अश्लील मजकूर पाठवणे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ आणि ६७अ खाली गुन्हा आहे. मुलांच्या बाबतीत कायदा आणखी कडक आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये त्याला ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ म्हणू नका, ते मुलांच्या शोषणाचे साहित्य आहे, असे बजावले आणि ते जाणूनबुजून पाहणे, जवळ ठेवणे हेही गुन्ह्यात मोडू शकते, हे स्पष्ट केले. ‘मी फक्त पाहिले’ हे उत्तर तिथे चालणार नाही.

आता आपल्या समाजाचा आवडता इलाज. ‘निकाह लावून द्या, आपोआप सुटेल.’ ज्याला ऐपत आहे त्याने विवाह करावा, नसेल त्याने रोजे ठेवावेत, ही हदीस त्यासाठी पुढे केली जाते. हदीस खरी, वापर चुकीचा. विवाहाने नजर झुकायला मदत होते. दहा वर्षांची जडलेली सवय वलीम्याच्या रात्री गळून पडते, असे त्यात कुठे म्हटलेले नाही. आणि या इलाजाची किंमत जी मुलगी चुकवते, तिला कोणी विचारलेलेही नसते. नवरा शेजारी असून नसल्यासारखा. पडद्यावरच्या न संपणाऱ्या नव्यासमोर जिवंत माणूस, त्याचा थकवा, त्याची लाज, त्याचा नकार, हे सगळे त्याला अडचण वाटू लागते. कधी तो पडद्यावर पाहिलेले तिच्याकडून मागतो, कधी तिला टाळतोच. ती स्वतःला दोष देते: माझ्या रंगात, माझ्या अंगात काही कमी आहे का? माहेरी आईला सांगायला गेली तर उत्तर ठरलेले, ‘सब्र कर, मूल झाले की ठीक होईल.’ कुरआनने नवरा-बायकोला एकमेकांचे लिबास म्हटले ते सूरह बकरात, आणि तेही नेमके रोजांच्या रात्रींविषयीच्या आयतीत. त्या रात्री बायको एका खोलीत आणि नवरा फोन घेऊन दुसऱ्या, हे चित्र त्या आयतीशेजारी ठेवून पाहावे. लग्नाआधी हळद, मेहेर, हॉल या सगळ्याची चौकशी होते. मुलाची ही सवय कोणत्या टप्प्यावर आहे, हे निदान त्याने स्वतः तरी डॉक्टरांकडे जाऊन पाहिलेले असावे, एवढी मागणी जास्त नाही. मुलींनाही ही सवय लागते; त्यांची लाज दुप्पट असते आणि त्यांना विचारायला तर कोणीच नसते.

लहान मुलांचे सांगायचे तर बहुतेकांना पहिल्यांदा ते शोधून मिळत नाही, येऊन आदळते. शाळा बंद होत्या तेव्हा ऑनलाइन वर्गासाठी घरोघरी फोन आले आणि शाळा उघडल्यावर परत गेले नाहीत. बारा वर्षांच्या मुलाच्या फोनमध्ये काही सापडले की बाप आधी हात उचलतो. मारले की एकच शिकवण पोहोचते, पुढच्या वेळी पुसून टाक. सूरह हुजुरातमध्ये पाळत ठेवण्यास मनाई आहे हे खरे, पण अजाण लेकराच्या हाती रात्रभर फोन न देणे ही पाळत नव्हे, पालकत्व आहे. घरातले सगळे फोन रात्री एका जागी चार्जिंगला लागावेत, आणि त्यात अब्बांचाही असावा.

जो कोणाशीच बोलू शकत नाही तो शेवटी पोहोचतो रेल्वेच्या भिंतीवर रंगवलेल्या नंबरापाशी. ‘गुप्तरोग’, ‘मर्दाना कमजोरी’, ‘शर्तिया इलाज’. वीर्य गेले की ताकद गेली ही भीती आपल्या उपखंडात इतकी मुरलेली आहे की डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली तिला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. ही दुकाने त्या भीतीवर चालतात. सवय तशीच राहते, खिसा रिकामा होतो. दुसरा सापळा व्हिडिओ कॉलचा. अनोळखी बाईचा कॉल येतो, मिनिटभराचे चित्रण होते आणि मग पैशांची मागणी. अशा वेळी पैसे देऊ नयेत, १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करावी. बदनामीच्या भीतीने जीव देण्यापर्यंत गेलेली मुले आहेत. त्यांच्यातल्या एकालाही ‘घरी सांग, आम्ही आहोत’ असे आधी कोणी म्हटले असते तर?

उपचार आहेत आणि ते दूर नाहीत. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून स्वतंत्र क्लिनिक चालते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग असतोच; केसपेपर काढायला काही रुपये लागतात आणि तिथला डॉक्टर रोज हेच ऐकतो, तो चकित होत नाही. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते, नाव सांगण्याची सक्ती नाही. डॉक्टर बहुधा आधी झोप, उदासी, चिंता यांची विचारपूस करतात, कारण पुष्कळदा मूळ दुखणे ते असते आणि फोन हे त्यावर स्वतःच शोधलेले चुकीचे औषध. आपला गुनाह चारचौघांत मिरवू नये ही इस्लामची शिकवण आहे. हकीम-डॉक्टरांना दुखणे सांगणे म्हणजे मिरवणे नव्हे.

रमजानमध्ये सोडण्याला एक सोय आहे. रात्रीचे वेळापत्रक बदललेलेच असते, जुने दिवे आपोआप विझतात, फक्त नवे लागू द्यायचे नसतात. तरावीहनंतर थेट झोप आणि सहेरीआधी उठणे, हा सगळ्यात साधा बदल. शेवटच्या दहा दिवसांत इतिकाफला बसणाऱ्यांनी फोन घरी ठेवून यावा. मशिदीच्या पडद्याआडही तो चालतोच. धोका असतो चाँदरातीला. महिनाभर आवरले आणि ईदच्या दुसऱ्या रात्री घसरलो, असे सांगणारे थोडे नाहीत. घसरले तर तीस दिवस पाण्यात गेले असे नाही, एकतिसाव्या दिवशी घसरलो एवढेच. आदल्या महिन्यापेक्षा ते कमी आहे. शव्वालचे सहा रोजे लगेच पुढे आहेतच.

मशिदीच्या कमिट्यांना एक विनंती. दरवर्षी सहेरी-इफ्तारच्या वेळांचे कार्ड छापले जाते, घरोघरी फ्रिजवर, कपाटावर महिनाभर चिकटलेले असते. त्यावर मिठाईवाले असतात, कापडवाले असतात, काही कार्डांवर तर ‘शर्तिया इलाज’वालेही असतात. पुढच्या वर्षी त्या शेवटच्या जाहिरातीची जागा काढून तिथे एकच ओळ छापा: मन अस्वस्थ असेल तर १४४१६, मोफत. खाली इमामसाहेबांची एकांतात भेटण्याची वेळ.